जालन्याचे बेथेल

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे घनसावंगी तालुक्यात आहे. याच जालना जिल्ह्यात, जालना शहराजवळ, एकोणिसाव्या शतकात एक निराळे गाव वसले. त्याचे नाव बेथेल. त्याचे संस्थापक नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण होते.

1843 साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे गेला. परंतु तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला आईवडिलांच्या स्वाधीन केले. मग, त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावर मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. दोघा भावांच्या वाटा निराळ्या झाल्या.

त्याच वर्षी स्कॉटलंडमध्येही फूट पडली. गावातील धर्मोपदेशक जमीनदारांनी नेमावा की मंडळीने निवडावा, हा वादाचा मुद्दा होता. शेकडो उपदेशक घरदार व वेतन सोडून बाहेर पडले व त्यांनी 'फ्री चर्च' स्थापन केले. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन आदी मिशनरी त्यांनाच मिळाले. विद्यालयाची नवी इमारत बांधून होत आली होती, तीही त्यांना सोडावी लागली. नारायणरावांची मंडळी ती हीच. तिचा पंथ प्रेस्बिटेरियन. ग्रीक भाषेत 'प्रेस्बिटेरॉस' म्हणजे वडील मनुष्य. या पंथात बिशप नसतो. मंडळीने निवडलेले वडील उपदेशकाबरोबर बसून कारभार पाहतात.

1854 मध्ये नारायणरावांना उपदेशकाची दीक्षा मिळाली. 1860 नंतरच्या दशकात ते जालन्यास आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्यांचे म्हणणे ऐकणारे बहुतेक लोक मांग समाजाचे होते. दोर वळावेत, केरसुण्या कराव्यात, सणासमारंभात वाजंत्री वाजवावीत आणि खळ्यावरचे धान्य बलुते म्हणून घ्यावे, असा त्यांचा चरितार्थ चाले. देवळापुढे वाजवण्यास नकार देणाऱ्याचे बलुते बंद होण्याची भीती असे. अशा माणसाला केवळ प्रार्थनेची जागा देऊन काय उपयोग? त्याला आधी पोट भरण्याचे साधन हवे होते.

म्हणून नारायणरावांनी जमिनीसाठी खटपट केली. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी ती दिली. जन्माने ब्राह्मण असलेला उपदेशक, मुसलमान दिवाण आणि मांग शेतकरी या तिघांमुळे हे ख्रिस्ती गाव उभे राहिले, ही गोष्ट विलक्षणच म्हटली पाहिजे! तेथे शेते झाली, शाळा झाली, प्रार्थनामंदिर झाले. 1873 साली न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेसही नारायणराव गेले होते.

बेथेल हा हिब्रू शब्द आहे. त्याचा अर्थ 'देवाचे घर'. बायबलातील याकोब उघड्या रानात दगड उशाला घेऊन निजला आणि स्वप्नात त्याला स्वर्गास लागलेली शिडी दिसली. म्हणून त्याने त्या जागेस हे नाव दिले. तेथे त्या वेळी एकही भिंत नव्हती. नारायणरावांनी हे नाव केवळ मंदिराला न देता शेते, घरे, शाळा यांसह सबंध गावाला दिले.

1891 साली सागरप्रवासात त्यांचा अंत झाला. पुढे 1924 मध्ये उत्तर भारतातील प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या आणि 1970 मध्ये 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त विलीन झाल्या. या नव्या मंडळीत बिशपही आहेत.