अंतर मोजणारा कॅमेरा

आमच्या खांद्याला टांगलेली काळ्या कातड्याची जुनी पेटी पाहून शाळेंतील मुलें आम्हांस नेहमीं एकच प्रश्न विचारतात. घरोघरीं फोन आहे, फोनमध्यें कॅमेरा आहे, तो क्षणांत हवीं तेवढीं चित्रें टिपतो व लगेच दाखवितोही. मग छत्तीस चित्रांनंतर रिकामी होणारी आणि काय उमटलें तें लवकर कळूं न देणारी ही पेटी आपण कां वागवितां? एका पालकांनीं तर स्नेहसंमेलनांत, "मास्तर, ही आजोबांची कां?" म्हणून विचारिलें. ती आजोबांची नव्हे. जुन्या बाजारांतून पदरचे पैसे देऊन घेतलेली आहे. परंतु प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर भूमितीच्या तासापासून सुरू होत असल्यामुळें तें या अंकांत देण्यास हरकत नसावी.

प्रथम एक प्रयोग करा. मांडवीच्या किनाऱ्यावर उभे राहून हात लांब करा, आंगठा वर धरा, आणि डावा डोळा मिटून समुद्रांतील एकादी दूरची होडी आंगठ्याआड येईल असें करा. आतां उजवा डोळा मिटून डावा उघडा. आंगठा होडीवरून एकदम बाजूला उडी मारील. आंगठा हलला नाहीं, होडीही जागच्या जागीं आहे. बदललें तें पाहण्याचें ठिकाण. आपल्या दोन डोळ्यांमध्यें सुमारें साडेसहा सेंटिमीटरांचें अंतर असतें, आणि तेवढ्यानें जवळची वस्तु प्रत्येक डोळ्यास निराळ्या दिशेला दिसते. वस्तु जितकी जवळ, तितकी ही तफावत मोठी. एक डोळा मिटून सुईंत दोरा ओवूं पाहणाऱ्यास हें पुन्हा सांगावें लागणार नाहीं.

आमची पेटी हाच प्रयोग करिते. तिच्या जातीच्या कॅमेऱ्यांस रेंजफाइंडर हें इंग्रजी नांव रूढ आहे. आपण अंतरमापक म्हणूं. तिच्या कपाळावर, एकमेकींपासून थोड्या अंतरावर, दोन खिडक्या आहेत. मागें डोळा लावावयाची जागा मात्र एकच. मोठ्या खिडकींतून समोरचा देखावा सरळ दिसतो. लहान खिडकींतून आलेला प्रकाश आंतल्या आरशावरून वळतो व त्याच देखाव्याच्या मध्यावर फिकट ठिपका होऊन पडतो. समोर माणूस असला, तर त्याला दोन नाकें दिसतात. भिंगाची कडी फिरवूं लागलें, कीं भिंग मागेंपुढें सरकतें, त्याला टेकलेली एक बारीक दांडी आरसा वळविते, आणि दुसरें नाक सरकत सरकत येऊन पहिल्यांत मिसळतें. दोहोंचें एक झालें, कीं भिंग त्या माणसाच्या अंतरावर बरोबर बसलें. यांत वीज नाहीं, बॅटरी नाहीं. आहे तो एक त्रिकोण.

वरच्या वर्गांतील मुलांनीं हा त्रिकोण वहींत काढून पाहावा. लायका एम-३ नांवाच्या प्रसिद्ध कॅमेऱ्यांत दोन खिडक्यांमधील पाया सुमारें ७ सेंटिमीटर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या डोळ्यांइतकाच. माणूस १ मीटरावर असेल तर शिरोबिंदूचा कोन ४ अंश येतो. २ मीटरांवर २ अंश. १० मीटरांवर ०.४ अंश, आणि १०० मीटरांवर अवघा ०.०४ अंश. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतील. एक, हा कॅमेरा हाकेच्या अंतरावरील माणसासाठीं आहे, दूरच्या डोंगरासाठीं किंवा झाडाच्या शेंड्यावरील पक्ष्यासाठीं नव्हे. दुसरी, पाया लहान झाला तर अचूकपणाही कमी होतो. आमचा कॅमेरा सोव्हिएत बनावटीचा आहे. त्याचा पाया चार सेंटिमीटरांहूनही थोडा कमी. म्हणून आम्हांस डोळे जरा अधिक ताणावे लागतात. हीच युक्ति फार मोठ्या मापानें वापरून, १८०२ सालीं मद्रासजवळ मैलोगणती लांबीचा पाया आंखून, लॅम्टननें या देशाच्या मोजणीस आरंभ केला होता.

या कॅमेऱ्याचा जन्म सिनेमाच्या फितीपासून झाला. दादासाहेब फाळके यांचा "राजा हरिश्चंद्र" ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला. तो ज्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या, कडेला भोंकें पाडलेल्या फितीवर घेतला होता, तीच फीत त्याच सुमारास जर्मनींतील वेट्झलार गांवीं ऑस्कर बार्नाक नांवाचा एक कुशल कारागीर एका मुठींत मावणाऱ्या पेटींत भरीत होता. बार्नाकची प्रकृति नाजूक. त्या काळचे कांचांचे अवजड कॅमेरे घेऊन डोंगर चढणें त्याला झेपेना. सिनेमाचें चित्र १८ × २४ मिलिमीटरांचें असे. त्यानें तशीं दोन जोडून २४ × ३६ चें एक केलें. १९२५ सालीं लायका या नांवानें ती पेटी बाजारांत आली, आणि १९३२ सालीं भिंगाशीं जोडलेलें अंतरमापक तींत बसलें. त्याच वर्षीं झाइस कंपनीचा काँटॅक्सही निघाला. पाहण्याची खिडकी व अंतराची खिडकी एकाच डोळ्याखालीं आणण्याची सोय काँटॅक्सनें १९३६ सालीं केली. लायकानें १९५४ सालीं. पुढें १९५९ सालीं निकॉन एफ् आला, व भिंगांतूनच पाहूं देणाऱ्या आरशाच्या कॅमेऱ्यांनीं बाजार व्यापला. तरी ही जात नाहींशी झाली नाहीं. लायकानें आपला १९८४ चा एम-६ हा फिल्मचा कॅमेरा २०२२ सालीं पुन्हा बनविण्यास घेतला. त्याची किंमत मात्र मुलांनीं घरीं विचारूं नये.

मग आरशाचा कॅमेरा सोडून लोक याकडे कां वळतात? आरशाच्या कॅमेऱ्यांत चित्र घेण्याच्या नेमक्या क्षणीं आरसा वर उडतो व डोळ्यापुढें अंधार होतो. म्हणजे जें टिपलें तेवढेंच पाहिलेलें नसतें! आमच्या पेटींत आरसा उडत नाहीं. तो क्षण डोळ्यांना दिसतो, आणि आवाजही कमी होतो. शिवाय खिडकींत चित्राची चौकट रेषांनीं आंखलेली असली तर चौकटीबाहेरचेंही थोडें दिसतें. मिरकरवाड्याच्या बंदरांत मासळीचा लिलाव चालला असतां कोण कोणीकडून चौकटींत शिरणार, हें आधीं कळतें. अशा गर्दींत तर दोन नाकें जुळविण्याइतकाही वेळ नसतो. तेव्हां ३५ मिलिमीटरांचें भिंग ३ मीटरांवर ठेवावें, छिद्र आठाच्या आंकड्यावर आणावें. सुमारें दोन मीटरांपासून सात मीटरांपर्यंत सर्व स्पष्ट येतें. मग अंतर आपल्या पायांनीं राखावयाचें. तराजू न घेतां भाजीचें वजन सांगणारी म्हातारी आपण पाहिली असेल; कांहीं महिन्यांनीं आपलेंही तसें होतें. तीन मीटर म्हणजे किती, हें डोळ्यांस पाठ होतें.

प्रकाशाचेंही तसेंच. आमच्या पेटींत प्रकाश मोजण्याचें यंत्र नाहीं. लख्ख ऊन असेल तर छिद्र सोळावर, व फिल्मचा जो आंकडा असेल त्याच्या जवळच्या अंशाइतका सेकंद, म्हणजे १०० च्या फिल्मला सेकंदाचा १२५ वा भाग, हा ठोकताळा. माडापोफळीच्या वाडींत शिरलें कीं तीन पायऱ्या खालीं यावें: सोळा, अकरा, आठ, साडेपांच. प्रत्येक पायरीस प्रकाश दुप्पट होतो. मुलांनीं हें तोंडीं करून पाहावें.

या कॅमेऱ्याचें काम पाहावयाचें तर आँरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराचें पाहावें. १९४७ सालीं तो हिंदुस्थानांत आला. कुरुक्षेत्राच्या छावणींतील निर्वासितांचीं चित्रें त्यानें घेतलीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस बिर्ला भवनांत तो गांधीजींना भेटून गेला, आणि त्याच सायंकाळीं त्यांची हत्या झाल्याचें ऐकून पुन्हा तेथें धांवला. फाटकावरून ती वार्ता सांगणाऱ्या नेहरूंचें त्यानें घेतलेलें चित्र अंधुक आहे, हललेलें आहे. दिव्याचा उजेड तेवढाच होता. त्या उजेडांत अंतर जुळविणारा हात मात्र थांबला नाहीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला त्या वेळीं दिल्लींतच वृत्तचित्रें घेत असत. त्या सायंकाळच्या प्रार्थनेस जावयाचें त्यांच्या मनांत होतें. पण जाणें राहिलें, व त्याची रुखरुख त्यांना जन्मभर लागून राहिली.

आतां दोष सांगितले पाहिजेत. पाहणें एका खिडकींतून व उमटणें दुसऱ्या भिंगांतून, त्यामुळें भिंगावरचें झांकण काढावयाचें राहिलें तरी समोरचा देखावा अगदीं सुंदर दिसतो! फार जवळची वस्तु या कॅमेऱ्यास वर्ज्य. एक मीटराच्या आंत आमची पेटी हात टेकते. फिल्म महाग झाली आहे. १९६० सालीं उटकमंडास स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची "इंदु" फिल्म एके काळीं मिळत असे; तो कारखाना बंद पडला. आणि रत्नागिरीचा पावसाळा! कातड्याच्या पेटींत बंद ठेवलेल्या भिंगाला आषाढ-श्रावणांत बुरशीचे कोळीष्टकासारखे धागे फुटतात व ते कांच खातात. आम्ही जूनपासून कॅमेरा बिस्किटांच्या घट्ट डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवितों, आणि ऊन पडेल त्या दिवशीं भिंग उघडें करून खिडकींत मांडतों.

पण आम्हांस भोंवला तो दोष कॅमेऱ्याचा नव्हता. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या ओळखीच्या एका शाळेंतील जुने शिपाई नोव्हेंबरअखेर निवृत्त झाले. अनेक वर्षें त्यांनीं त्या शाळेचा टोल दिला होता. शेवटल्या दिवशीं आम्हीं त्यांचीं छत्तीस चित्रें घेतलीं: कुलूप काढतांना, मुलांना पाणी देतांना, आणि शेवटचा टोल मारतांना. रात्रीं न्हाणीघर अंधारें करून फिल्म धुतली, तों ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कांचेसारखी स्वच्छ. फिल्मचें टोंक आंतल्या रिळाला धरलेंच नव्हतें. आम्ही दिवसभर रिकामी किल्ली फिरवीत होतों. किल्ली फिरवितांना दुसऱ्या बाजूची गुंडीही फिरते कीं नाहीं, एवढें पाहिलें असतें तर पुरें होतें. तें आम्ही मुलांना नेहमीं सांगतों.

दोन दिवस आम्हांस झोंप लागली नाहीं. मग त्यांच्या घरीं जाऊन खरें तें सांगितलें. ते हंसले, आणि पुढच्या सोमवारीं इस्त्रीचा खाकी पोशाख करून शाळेंत हजर झाले. नव्या शिपायानें अदबीनें हातोडा पुढें केला. आम्हीं म्हटलें, "मारल्यासारखें करा." त्यांनीं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलें व म्हणाले, "मास्तर, अजून सात मिन्टं हायत. वेळ झाल्याबिगर टोल कसा देऊ? पोरं बाहेर येतील."

तीं सात मिनिटें आम्ही त्यांच्यासमोर दोन मीटरांवर उभे होतों. ओसरीवर ऊन नव्हतें. छिद्र साडेपांचावर आणलें. हातोड्याच्या मुठीवरचीं त्यांचीं बोटें खिडकींत प्रथम दहा दिसत होतीं, मग पांच झालीं. गुंडी फिरते कीं नाहीं तें तीनदां पाहिलें. घड्याळाचा कांटा आला, त्यांनीं हात उचलला, आम्हीं कळ दाबली. एकच चित्र घेतलें. टोलाचा नाद ओसरीभर घुमत असतां मुलें वर्गांतून बाहेर आलीं व त्यांच्याभोंवतीं जमलीं.

तें चित्र त्या शाळेच्या कचेरींत वेळापत्रकाशेजारीं लाविलें आहे. हातोडा थोडा हलला आहे. बोटें स्पष्ट आहेत. त्यांना एक प्रत नेऊन दिली तेव्हां त्यांनीं ती बराच वेळ दारापाशीं उजेडांत धरली, आणि म्हणाले, "घड्याळ नाय आलं ह्यात."