भांग, गांजा आणि औषधाची चाचणी

नवा रायपुर येथे 2018 साली कर्करोगावरील उपचारांचे एक मोठे रुग्णालय सुरू झाले. अशा ठिकाणी रुग्णाला पूर्वीचे आजार व चालू औषधे विचारली जातात. भांग-गांजाचा उल्लेख मात्र पुष्कळदा राहून जातो. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यान्वये झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, म्हणजेच गांजा, निषिद्ध आहे. म्हणून तो ओढणारा भयाने मौन धरतो. शेंड्यांवाचूनची पाने त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून होळीला भांग घेणाऱ्यास ती सांगण्याजोगी वाटत नाही. शरीर मात्र हा भेद जाणत नाही.

अनेक औषधांचे विघटन यकृतातील विकरे करतात. या वनस्पतीतील द्रव्ये त्यांपैकी काही विकरांचे कार्य मंदावतात. त्यामुळे रक्त गोठू न देणारे वॉरफरिन शरीरात साचून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. उलट, गांजाच्या धुराने थिओफिलिन हे दम्याचे औषध शरीरातून लवकर निघून जाते. एकाच सवयीने एका औषधाची मात्रा जणू वाढते, तर दुसऱ्याची घटते.

नव्या औषधाच्या चाचणीत याचे महत्त्व अधिकच. दिसलेला परिणाम औषधाचा की गांजाचा, हे कळेनासे होते. म्हणून काही चाचण्यांत अशा व्यक्तींना प्रवेश नसतो, तर काहींत ठरावीक काळ वर्ज्य करण्याची अट असते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील एका अभ्यासात निव्होलुमॅब हे कर्करोगावरील औषध घेणाऱ्या 140 रुग्णांची पाहणी झाली. केवळ औषध घेणाऱ्यांपैकी 37.5 टक्के रुग्णांच्या गाठींनी उपचाराला प्रतिसाद दिला; गांजाही घेणाऱ्यांत हे प्रमाण 15.9 टक्केच होते. आयुर्मर्यादेत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. हा केवळ निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. सावधगिरीचे कारण मात्र मिळते.

शेवटची आशा म्हणून चाचणीकडे पाहणारा रुग्ण प्रवेश नाकारला जाईल या धास्तीने सवय लपवतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्या लपवण्याची पहिली झळ त्यालाच बसते. पुढे चुकीच्या निष्कर्षामुळे इतर रुग्णांनाही. म्हणून डॉक्टरांनी कधी, किती व कोणत्या रूपात, हे तिरस्कार न दाखवता विचारावे. रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्यकाचा जुना आचारधर्म आहे; त्या विश्वासावरच खरे उत्तर मिळते.