रेग्युलेटरमधील तेलकट गाळ

नागपूरहून उत्तरेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ सागर व ललितपूरवरून झाशीस पोहोचतो. मथुरा-हरिद्वारच्या यात्रेस निघालेल्या मंडळींपैकी काहींच्या बरोबर आचारी, शेगड्या आणि गॅसचे सिलिंडर असतात. मुक्काम पडला की तेथेच स्वयंपाकघर मांडले जाते. या फिरत्या स्वयंपाकघरात ज्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, ती वस्तू म्हणजे रेग्युलेटर.

प्रथम त्याचे कार्य पाहू. सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्यूटेन यांचे मिश्रण द्रवरूपात असते. झाशीस मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. ४० अंशांस या मिश्रणाचा दाब, प्रमाणानुसार, ३ ते १२ बारच्या दरम्यान असतो. घरगुती शेगडीस मात्र सुमारे ०.०३ बार एवढाच दाब लागतो. म्हणजे रेग्युलेटरने तो शेकडो पटींनी कमी करावयाचा असतो. आतील रबरी पडदा, स्प्रिंग व एक लहानशी झडप यांच्या साहाय्याने तो हे कार्य करतो. शेगडी बंद होताच झडपेने पूर्ण मिटले पाहिजे.

झडप न मिटण्याचे एक कारण म्हणजे तेलकट गाळ. गॅसमध्ये जड हायड्रोकार्बनांचा अल्पसा अंश असतो. शिवाय रबर मऊ राहावे म्हणून नळीत मिसळलेले तेलासारखे पदार्थ गॅसच्या संपर्काने सुटू लागतात. दिवसा तापलेल्या सिलिंडरमधून निघालेली वाफ रात्री थंड नळीत द्रवरूप होते आणि हे पदार्थ घेऊन उताराकडे वाहते. रेग्युलेटर खाली असेल तर ती त्यात शिरते; द्रव पुन्हा उडून जातो, पण तेल मागे राहते. ते झडपेवर व पडद्यावर साचते.

युरोपात मोटारीमागे जोडावयाच्या फिरत्या घरास कारवान म्हणतात. ब्रिटनमध्ये २००३ च्या सुमारास कारवानांतील रेग्युलेटर सिलिंडरवरून काढून भिंतीवर बसविण्याची पद्धत रूढ झाली. त्यानंतर ते पिवळसर तेलाने निकामी होण्याच्या तक्रारी येऊ लागल्या. उपाय साधा होता: रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडाहून उंच बसवावा आणि नळीस सिलिंडरकडे सलग उतार द्यावा, म्हणजे द्रव परत सिलिंडरमध्येच जातो. पोलादी नळीही उपयुक्त ठरते.

आपल्याकडील घरगुती रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडावरच बसतो. म्हणून ही अडचण घरात क्वचितच उद्भवते. परंतु यात्रेच्या स्वयंपाकात अनेक सिलिंडर नळ्यांनी जोडून एकच रेग्युलेटर वापरला, तर कारवानचीच स्थिती निर्माण होते. सिलिंडर आडवा ठेवल्यास धोका अधिक, कारण मग वाफेऐवजी द्रवच बाहेर येतो. एक लिटर द्रवापासून सुमारे २५० लिटर वाफ होते. हवेत तिचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी ती पेट घेते. आणि हवेहून जड असल्याने ती जमिनीलगत साचून राहते.

दोष ओळखावयाचा कसा? ज्योत कधी मंद, कधी उसळती होणे, भांड्यांस काजळी धरणे, रेग्युलेटरच्या श्वासछिद्राजवळ वास येणे ही त्याची चिन्हे होत. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी. काडी ओढून कदापि नव्हे. रेग्युलेटर उघडून पुसू नये, तर बदलावा. श्वासछिद्र चिखलाने वा धुळीने बुजू देऊ नये. नळीवर छापलेली मुदत पाहावी. वाहन चालू असताना सिलिंडर उभा, बांधलेला व बंद असावा, आणि चूल उघड्यावर मांडावी.

हे नियम क्षुल्लक वाटतील. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या, लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यास आग लागून ९ जण मृत्युमुखी पडले. डब्यात चोरून आणलेल्या सिलिंडरवर चहा केला जात असल्याचे रेल्वेने सांगितले. रेल्वेच्या डब्यात सिलिंडर नेण्यास कायद्यानेच बंदी आहे. रेग्युलेटर कितीही उत्तम असला तरी बंदिस्त जागेतील ज्योतीचा धोका तो टाळू शकत नाही. उपकरण चांगले असावे हे खरे. पण ते कोठे व कसे ठेवावे, हे ठरविणे माणसाच्याच हाती असते.