बोचकं कुठं ठेवायचं?

प्रश्न : मी रोज सकाळी रंकाळा तलावावर फिरायला जातो. तिथं हातीपायी धड असलेले चार-दोन पुरुष कायम पडलेले दिसतात. एकाला म्हटलं, घरची बाग साफ करायची आहे, चल, दिवसाची मजुरी देतो. तर म्हणाला, "बोचकं कुठं ठेवू?" आणि आलाच नाही. काम टाळायचा हा बहाणाच ना? शाहू महाराजांनी फासेपारध्यांना कामाला लावून स्थिर केलं, असं आमचे आजोबा सांगायचे. ते खरं असेल तर आज का जमू नये? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आजोबांचं बरोबर होतं. बहाण्याबद्दल मात्र तुमचं चुकतंय.

आधी महाराजांचं बघू. फासेपारधी म्हणजे रानात फासे लावून शिकार करणारे, पाल टाकून राहणारे लोक. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि अशा कितीतरी जमातींवर जन्मतःच चोरीचा शिक्का बसला. गावात काही गेलं की पहिली धाड पालावर. महाराजांनी या लोकांना जवळ केलं, राहायला जागा दिली आणि पहारेकरी म्हणून नोकरीवर घेतलं. महाराजांच्या सोनतळीच्या कॅम्पाशी या गोष्टी जोडल्या गेल्या आहेत, त्या तुमच्या आजोबांनीही ऐकल्या असतील. यातली खुबी कामाच्या निवडीत आहे. अंधारात माग काढणाऱ्या, पाचोळ्याच्या आवाजावर जागं होणाऱ्या माणसाला पहारा शिकवावा लागत नाही. त्याच्या हाती सुतारकामाचा रंधा दिला असता तर तो बहुधा आठवड्यात रानात परतला असता.

पण माझ्या मते याहून मोठी गोष्ट म्हणजे हजेरी बंद करण्याचा 1918 चा हुकूम. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना गावात रोज हजेरी द्यावी लागे. आपण याकडे अपमान म्हणून बघतो, आणि तो होताच. पण त्यात रोजगाराची गोमही होती. ज्याला रोज चावडीवर उभं राहायचंय, तो चार कोसांवरच्या गुऱ्हाळावर मुक्कामाला कसा जाणार? गुऱ्हाळघर हंगामात रात्रंदिवस चालतं. हजेरी चुकली तर शिक्षा आणि हजेरी दिली तर मजुरी बुडाली. म्हणजे पायात खोडा घालायचा आणि वर म्हणायचं, हे लोक कष्ट करत नाहीत.

गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही, पण त्याचा एक पैलू निसटतो. महाराजांच्या पाठबळावर कांबळ्यांनी चहाचं दुकान काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? महाराजांनी दुकानासमोर गाडी थांबवून स्वतः चहा घेतला, सोबतच्यांनाही प्यायला लावला. भांडवल पुष्कळ जण देतात, गिऱ्हाईक मिळवून द्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आता रंकाळ्यावर येऊ. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 2 लाखांवर माणसं बेघर म्हणून नोंदली गेली. यातल्या पुरुषांना हजेरी नाही, पण 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम आहे. त्यात भीक मागण्याची व्याख्या अशी ऐसपैस, की उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि इकडेतिकडे भटकतो, एवढ्यावरही माणूस भिकारी ठरू शकतो. हात पसरलाच पाहिजे असं नाही. पहिल्यांदा सापडला तर 1 ते 3 वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 साली या कायद्याची बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली. आपल्याकडे तो अजून आहे. भिक्षेकरी गृहातल्या कामाचा मेहनताना मंत्रिमंडळानं 2025 च्या एप्रिलमध्ये पाच रुपयांवरून रोज 40 रुपये करायचं ठरवलं. त्याच वर्षी राज्यात रोजगार हमीवर दिवसाला 312 रुपये मजुरी होती. फरक तुम्हीच काढा.

आणि ते बोचकं. त्यात काय असतं? अंथरूण, एक जोड कपडे, औषधाची चिठ्ठी आणि असलंच तर आधार कार्ड. ते गेलं की पुन्हा कार्ड काढायला खेटे, कार्ड नाही म्हणून बँकेत खातं नाही, रेशन नाही. तुमच्या एका दिवसाच्या मजुरीपायी तो हे सगळं बाकड्याखाली सोडून येईल का? मीही आलो नसतो. शिवाय रात्री कुणी उठवून हाकलला असेल तर सकाळी कुदळ धरायला अंगात त्राण कुठून येणार? म्हणून शहरी बेघरांच्या निवाऱ्याची जी योजना राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून 2013 पासून आली, तिच्यात निवारा चोवीस तास उघडा आणि 1 लाख लोकवस्तीमागे किमान 100 माणसांची सोय असा दंडक घातला. नुसत्या रात्रीच्या आसऱ्यानं भागत नाही, सकाळी बोचकं पुन्हा खांद्यावर येतंच.

दारूचं काय, असं तुम्ही मनात म्हणत असाल. आहेच, नाकारत नाही. काही जण दारूपायी घराबाहेर पडतात, काही जण बाहेर पडल्यावर थंडीपायी पिऊ लागतात. सगळेच कामावर टिकणार नाहीत, काहींना आधी दवाखाना लागेल. बाबा आमट्यांनी 1949 साली आनंदवन उभं केलं तेव्हा कुष्ठरुग्णांच्या हाती कुदळ दिली हे सगळे सांगतात. औषधोपचार, मलमपट्टी आणि डोक्यावर छप्पर त्याच आवारात होतं, हे सांगायचं राहून जातं.

तेव्हा त्या माणसाला उद्या पुन्हा विचारा. मजुरी आधी ठरवा आणि त्याच संध्याकाळी रोख द्या. दुपारच्या भाकरीचं बघा. आणि तुमच्या जिन्याखाली कुलूप लागेल अशी जागा असेल, तर बोचकं तिथं ठेवून किल्ली त्याच्याकडे द्या. आला की नाही, ते मला कळवा.