निकाल लागला, आता कुर्ला सोडायचं का?

१६ जानेवारी २०२६. मुंबई महापालिकेची मतमोजणी. आमच्या घरात सकाळपासून टीव्ही चालू होता. आईने कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरली, भात खाली लागला. पप्पा तीन चॅनेल आलटून पालटून बघत होते, जणू चौथ्या वेळी आकडे बदलणार होते. दुपारी त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि म्हणाले, "बस झालं. रूम विकू आणि अंबरनाथला जाऊ."

मला हसायला यायला हवं होतं, पण आलं नाही. कारण आदल्या रात्री मी स्वतः लॅपटॉपवर जर्मनीतल्या एम.एस.चे कोर्सेस बघत बसले होते. मला जर्मनीला जायचंय हे त्या रात्रीपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं!

कोण जिंकलं, कोण हरलं हा या लेखाचा विषय नाही. विषय हा की निवडणूक आली की पोटात गोळा का येतो, आणि तो आला की माणसाला घरच सोडावंसं का वाटतं. आमच्या चाळीत दोन आठवडे 'आपले' आणि 'त्यांचे' अशी भाषा चालू होती. ज्या काकूंकडून आपण विरजण आणतो त्या अचानक 'त्यांच्यातल्या' होतात, तेव्हा खरंच कसंतरी होतं. शेवटी ठरवलं, याचा जरा अभ्यास करू. जे सापडलं ते तुमच्यापुढे ठेवते.

१) हा आजार जुना आहे

आपण एकटे नाही, ही पहिली दिलाशाची गोष्ट. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१६ च्या पाहणीत ५२ टक्के प्रौढांनी निवडणूक हे आपल्या तणावाचं मोठं कारण असल्याचं सांगितलं. २०२० मध्ये तोच आकडा ६८ टक्के झाला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री अमेरिकेत निकाल येऊ लागले आणि कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट इतक्या लोकांनी उघडली की ती बंद पडली. पण वेबसाइट बसली म्हणून सीमेवर लोंढा आला नाही. बहुतेकांनी सकाळी उठून नेहमीची बस पकडली असणार.

असं का होतं? आपल्या भाषेत सांगायचं तर ही इनपुट-आउटपुटची भानगड आहे. २०२४ च्या लोकसभेला मुंबईने २० मे रोजी मत दिलं आणि निकाल लागला ४ जूनला. एकदा बटण दाबलं की पंधरा दिवस आपल्या हातात काहीच नाही. निकालानंतर तर पाच वर्षं बटणच नाही. मग मन असं काहीतरी शोधतं जे आपल्या हातात आहे. सरकार बदलता येत नाही, पत्ता बदलता येतो. माझ्या मते पप्पांचं अंबरनाथ आणि माझं जर्मनी हे दोन्ही इथूनच आलं.

२) दोन दारं: निघून जाणं आणि बोलणं

आल्बर्ट हिर्शमन नावाचे एक अर्थतज्ज्ञ होते. १९३३ मध्ये त्यांनी स्वतः बर्लिन सोडलं होतं, म्हणजे घर सोडण्याचा त्यांचा अनुभव पुस्तकी नव्हता. १९७० मध्ये त्यांनी 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे पुस्तक लिहिलं. त्यातला मुद्दा सोपा आहे. एखादी गोष्ट बिघडली की माणसाकडे दोन दारं असतात: निघून जाणं, किंवा राहून आवाज उठवणं. कुठलं दार निवडायचं हे त्या जागेवरच्या आपल्या निष्ठेवरही ठरतं.

त्यांचं उदाहरण नायजेरियाच्या रेल्वेचं आहे. तिथे ट्रकची स्पर्धा आली. आपल्याला वाटेल, स्पर्धा आली म्हणजे रेल्वे सुधारली असेल. तसं झालं नाही. ज्यांना चांगल्या सेवेची सगळ्यात जास्त गरज होती, ज्यांनी सगळ्यात जास्त आरडाओरडा केला असता, तेच आधी ट्रककडे गेले. मागे राहिली शांतता, आणि रेल्वे तशीच ढिसाळ राहिली.

हे वाचल्यावर मला नायजेरिया नाही, आमची चाळ दिसली. ज्यांना परवडलं त्यांनी मुलांना कॉन्व्हेंटमध्ये घातलं. माझ्या पप्पांनीही ओव्हरटाइम करून मला घातलं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण पालिकेच्या शाळेत जाऊन "शिक्षक का नाहीत?" असं विचारणारे जे दहा पालक असते, ते दहाही पालक आमच्या शाळेच्या गेटवर उभे होते. जाण्यात पाप नाही. पण जाणारा स्वतःबरोबर आपला आवाजही घेऊन जातो. आणि ज्याला सगळ्यात जास्त टेन्शन येतं, त्याचाच आवाज बहुधा सगळ्यात कामाचा असतो.

३) सामान टेम्पोत जातं, मत जात नाही

आता कायद्याचा भाग. कंटाळू नका, हा परीक्षेला नसला तरी आयुष्याला आहे.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० म्हणतो की मतदार ज्या मतदारसंघात 'सामान्यतः रहिवासी' आहे तिथेच त्याचं नाव असावं. कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव एकाहून जास्त मतदारसंघांत असू शकत नाही. कलम २० म्हणतं की केवळ तिथे घर मालकीचं आहे म्हणून कोणी तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास संपतही नाही. खोटी माहिती दिली तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'दुबार मतदार' हा शब्द आपण २०२५ मध्ये सारखा ऐकला, त्याचं मूळ इथे आहे.

घर बदललं तर फॉर्म ८ भरायचा. ऑगस्ट २०२२ पासून एकाच मतदारसंघात हललात किंवा दुसऱ्या मतदारसंघात गेलात तरी हाच फॉर्म. फॉर्म ६ फक्त नवीन मतदारांसाठी. होस्टेलवर राहणाऱ्यांना गावी किंवा होस्टेलच्या पत्त्यावर, दोन्हीपैकी एका ठिकाणी नाव ठेवता येतं. होस्टेलच्या पत्त्यासाठी कॉलेजच्या प्रमुखांचं पत्र लागतं. परदेशात गेलात आणि भारताचं नागरिकत्व ठेवलंत तर फॉर्म ६ए आहे, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. म्हणजे विमानाचं तिकीट काढून रांगेत उभं राहायचं!

आणि तारीख महत्त्वाची. २०२६ च्या पालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरली होती. त्यानंतर कोणी घर बदललं असेल तर त्याचं नाव जुन्याच वॉर्डात. माणूस नव्या नळावर पाणी भरतोय आणि मत जुन्या नळासाठी!

आमच्या आजोबांचं तसंच होतं. ते स्वदेशी मिलमध्ये कामाला होते. आयुष्य कुर्ल्यात काढलं, पण मत शेवटपर्यंत रत्नागिरीला, गावच्या यादीत. गावच्या रस्त्यासाठी रात्रभर एस.टी.ने जायचे. कुर्ल्याच्या गटारासाठी मात्र त्यांना कधी कोणी विचारलं नाही, कारण इथल्या यादीत ते नव्हतेच. लोकमान्य टिळक टर्मिनसवर निवडणुकीच्या दिवसांत उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी बसलेली कितीतरी माणसं अशीच अर्धी इथे, अर्धी तिथे असतात.

४) एका मताने काय होतं?

"आपल्या एकाने काय फरक पडतो?" याचं उत्तर मुंबईतच आहे. २०१७ च्या पालिका निवडणुकीत वॉर्ड २२० मध्ये सुरेंद्र बागलकर आणि अतुल शाह या दोघांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. शेवटी चिठ्ठी काढली आणि शाह जिंकले. २०२४ च्या लोकसभेत मुंबई उत्तर पश्चिममधून रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. आपल्या लोकलच्या एका डब्यात याहून जास्त माणसं नुसती उभी असतात.

विचार करा, त्या वॉर्ड २२० मधून कोणीतरी एक जण वैतागून कुठेतरी राहायला गेला असेल. त्याला वाटलं असेल, माझ्या जाण्याने काय होतंय.

मग आमच्या घरी काय झालं?

रात्री जेवताना पप्पांनी पुन्हा अंबरनाथ काढलं. आजी इतका वेळ गप्प होती. तिने २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगितली. मी तेव्हा जन्मले नव्हते. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी घराघरांत शिरली, आमच्या भिंतीवर कमरेएवढी रेघ उमटली. तेव्हाही रूम विकायचं ठरत होतं. आजी म्हणाली, "तेव्हाचं कारण भिंतीवर दिसत होतं रे. रूम सोडायची तर पाण्यासाठी सोड, टीव्हीसाठी नको सोडू."

मग मी वहीचं पान घेऊन दोन कॉलम केले. एकात निवडणुकीच्या आधीपासूनची कारणं: पावसात गळणारं छप्पर, सकाळचं पाणी, माझा अभ्यास आणि झोपणं एकाच खोलीत. दुसऱ्यात निवडणुकीबरोबर आलेली कारणं. दुसरा कॉलम त्या दिवशी खूप लांब होता. आम्ही ठरवलं की महिनाभर पान कपाटाला चिकटवून ठेवायचं आणि मगच बोलायचं.

महिन्यानंतर दुसऱ्या कॉलममधलं बरंचसं पप्पांनी स्वतःच खोडलं. विरजण पुन्हा त्याच काकूंकडून येतंय. पहिला कॉलम मात्र तसाच आहे, आणि त्या कारणांसाठी आम्ही कदाचित जाऊही. मीही कदाचित एम.एस.ला जाईन. फरक इतकाच की ते ठरवताना टीव्ही बंद असेल. आणि गेलो, तर गॅसचा पत्ता बदलायच्या आधी फॉर्म ८ भरायचा, हे पप्पांनी पानाच्या खाली स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय.

मित्रांनो, पुढची निवडणूक येणारच आहे आणि पोटात गोळाही येणार आहे. तेव्हा बॅग भरायच्या आधी एक पान भरून बघा.