झाशीचे मराठी बेट : भाषा, शाळा आणि संस्था

मराठीच्या संदर्भात ‘भाषिक बेट’ ही संज्ञा आली की अभ्यासकांच्या डोळ्यांसमोर प्रथम तंजावर उभे राहते. चहूकडे तमिळ आणि मध्ये राजवाड्याच्या आश्रयाने वाढलेली मराठी घरे. बुंदेलखंडातील झाशीचा उल्लेख या अनुषंगाने क्वचितच होतो. झाशी म्हणजे १८५७, आणि १८५७ म्हणजे राणी लक्ष्मीबाई, या समीकरणापलीकडे मराठी वाचकाची दृष्टी सहसा जात नाही. वस्तुतः नारोशंकर झाशीचा सुभेदार झाला तो १७४२ साली आणि मणिकर्णिका तांबे विवाह होऊन लक्ष्मीबाई झाली ती १८४२ साली. म्हणजे राणी आली तेव्हा तेथील मराठी वस्तीला शंभर वर्षे होऊन गेली होती. एवढ्या जुन्या वस्तीने आपली भाषा पुढील पिढीकडे कोणत्या संस्थेच्या आधारे सोपविली, हा प्रश्न राणीच्या पराक्रमाच्या तेजात झाकला गेला आहे.

छत्रसालाने बाजीरावास दिलेल्या तृतीयांश मुलखातून मराठ्यांचा बुंदेलखंडाशी स्थायी संबंध जडला. मात्र तेथे एकसंध मराठी प्रदेश निर्माण झाला नाही. झाशी, गुरसराय, जालौन, सागर अशी ठाणी वसली, आणि प्रत्येक ठाण्याभोवती कारकून, शास्त्री, भिक्षुक, शिलेदार यांची घरे. ही बेटांची माळ होती. मधल्या गावांत बुंदेलीच चाले. नाशिककरांना ज्याच्या नावाची घंटा ठाऊक आहे त्याच नारोशंकराने झाशीचा किल्ला वाढवून शहराला वस्ती आणली. पुढे सुभेदारी नेवाळकरांकडे गेली. हे घराणे मूळ कोकणातले, नंतर खानदेशात पारोळ्यास स्थिरावलेले. झाशीतील मराठी आडनावे पाहिली तर आजही हाच मागचा प्रवास दिसतो. धुळेकर, मलकापूरकर ही नावे धारण करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या धुळे वा मलकापूर पाहिलेले नसेल, पण मुख्य भूमीचा पत्ता नावात टिकून राहिला.

या काळात भाषेसाठी वेगळ्या संस्थेची गरजच नव्हती. दप्तर मराठीत आणि मोडीत लिहिले जाई; ज्याला चाकरी हवी त्याला मोडी यावीच लागे. राज्यकारभार हीच शाळा होती. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह ही तिची वरची पायरी. नाट्याची आवड असलेल्या गंगाधररावांच्या दरबारी विद्येला मान होता, आणि या संग्रहाची ख्याती झाशीबाहेर पोचली होती. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौज शहरात शिरल्यानंतर तो उद्ध्वस्त झाला. विष्णुभट गोडसे वरसईकर त्या दिवसांत झाशीत होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या वृत्तान्तात ग्रंथालयाच्या नाशाचा प्रसंग प्राणहानीच्या वर्णनाइतक्याच कळवळ्याने आला आहे. तंजावरशी तुलना येथे बोलकी ठरते. तेथेही राज्य खालसा झाले, परंतु सरस्वती महालातील संग्रह शाबूत राहिला आणि १९१८ साली सार्वजनिक झाला. राज्य गेल्यावरही ज्याच्याभोवती विद्वान जमतील असे काही तंजावरपाशी उरले. झाशीपाशी ते उरले नाही.

कालगणनेतील एक योगायोग येथे नोंदविण्यासारखा आहे. ग्रंथसंग्रह नष्ट झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८६० साली, संस्था नोंदणीचा कायदा आला. वाङ्मयीन, शास्त्रीय किंवा धर्मादाय हेतूने एकत्र आलेल्या कोणाही सात व्यक्तींना संस्था स्थापण्याची मुभा त्याने दिली. संस्था विसर्जित झाली तरी शिल्लक मालमत्ता सभासदांना वाटून घेता येणार नाही, ती तशाच दुसऱ्या संस्थेकडे जाईल, अशी अटही घातली. राजाश्रय गेलेल्या लहान समाजाला स्वतःच्या पायावर शाळा उभारण्यासाठी याहून सोयीचे साधन नव्हते. महाराष्ट्रात याच साधनाने पुढे खाजगी शिक्षणसंस्थांचा विस्तार झाला.

झाशीच्या वाटेत मात्र सत्तांतरे आडवी आली. १८६१ मध्ये शहर आणि किल्ला शिंद्यांकडे गेले. इंग्रजांनी आपले ठाणे तटाबाहेर झाशी नौआबाद येथे केले. त्यामुळे पाव शतकभर तटाच्या आत ग्वाल्हेरचा अंमल राहिला आणि मराठी जाणणाऱ्या कारकुनाचे महत्त्व अगदीच संपले नाही. १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात झाशी पुन्हा इंग्रजांकडे आली. भाषेच्या दृष्टीने १८५८ इतकाच, किंबहुना अधिक, निर्णायक क्षण हा आहे. ज्या प्रांतात झाशी गेली तेथील कचेऱ्यांची भाषा उर्दू होती. १९०० मध्ये नागरी लिपीला सरकारी दारे उघडली, तीही हिंदीसाठी. १९२१ साली अलाहाबादेस प्रांताचे माध्यमिक परीक्षामंडळ स्थापन झाले आणि शाळेचा कस परीक्षेवर ठरू लागला. ज्या भाषेत ना कचेरी ना परीक्षा, तिची शाळा पालकांना ओझे वाटली तर नवल नाही.

याच सुमारास बेटावर दुसरा थर साचत होता. इंडियन मिडलंड रेल्वेने झाशीला मोठे केंद्र केले आणि १९०० मध्ये ती जी.आय.पी.च्या कारभाराखाली आली. मुंबईशी लोखंडी धागा जुळला; त्या धाग्यावरून मराठी नोकरदारही आले. पण रेल्वेचा नोकर बदलीचा असतो. मुलांना पुन्हा मुंबईकडे न्यायचे या हिशेबाने तो मराठी जपतो, शहरात मूळ धरलेला मनुष्य इथेच राहायचे या हिशेबाने हिंदी आपलीशी करतो. एकाच भाषेच्या या दोन गटांची गरज एक नव्हती, आणि शिक्षणसंस्थेला तर दीर्घकाळ टिकणारी समान गरज लागते.

मूळच्या झाशीकरांतील कर्ती माणसे कोठे गेली, याचे उत्तर सार्वजनिक जीवनात सापडते. रघुनाथ विनायक धुळेकर (१८९१–१९८०) हे त्याचे ठळक उदाहरण. जन्म झाशीचा, घर मराठी. आणि १० डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत हिंदुस्तानीतच बोलण्याचा आग्रह धरून ज्यांनी खळबळ उडवून दिली ते हेच. पुढे ते झाशीतून लोकसभेवर गेले आणि उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती झाले. गुरसरायच्या परिसरातील आत्माराम गोविंद खेर त्याच राज्याच्या विधानसभेचे अध्यक्ष होते. चंद्रशेखर आझादांचे सहकारी विश्वनाथ वैशंपायन यांनी आझादांचे चरित्र लिहिले ते हिंदीत. या माणसांनी मराठीचा त्याग केला असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरातली भाषा घरात राहिली, लेखणी मात्र हिंदीची झाली. ज्या समाजात लेखणी आणि जीभ अशी विभागली जातात, तेथे भाषेचे रक्षण सणवार, सोयरीक आणि देवळे यांच्याकडे येते. झाशीच्या ज्या गणेशमंदिरात राणीचा विवाह लागला ते, आणि नेवाळकरांची कुलदेवता महालक्ष्मी, यांनी हे काम केले. देवळाने उच्चार टिकतो, वाचन टिकत नाही.

याउलट हैदराबादचे उदाहरण. तेथे १९०७ साली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था सुरू झाली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने तिला बळ दिले. राजभाषा उर्दू, १९१८ पासून विद्यापीठही उर्दूचे; म्हणजे प्रतिकूलता झाशीहून कमी नव्हती. परंतु त्याच राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते. १९५६ साली ते मुंबई राज्यात गेले आणि हैदराबादची मराठी वस्ती खऱ्या अर्थाने बेट झाली; तोवर संस्थेला पन्नास वर्षांचे वय लाभले होते. बुंदेलखंडातच पाहावयाचे तर सागरचा दाखला आहे. सागर मध्यप्रांतात, ज्याची राजधानी नागपूर. १९५० च्या राजभाषा कायद्याने तेथे हिंदीबरोबर मराठीलाही स्थान मिळाले. एकाच इतिहासाची दोन ठाणी, पण प्रांताची रेघ मध्ये पडल्याने एकीला मुख्य भूमी मिळाली, दुसरीला नाही.

स्वातंत्र्योत्तर तरतुदी या बेटांसाठीच केल्यासारख्या वाटतात. संविधानाच्या ३० व्या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा हक्क दिला. १९५६ च्या ३५०-क अनुच्छेदाने प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करणे राज्यांवर सोपविले. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांचे कार्यालयही झाशीच्याच राज्यात, अलाहाबादेस उघडले. प्रत्यक्ष अंमलाचे सूत्र मात्र १९४९ च्या शिक्षणमंत्री परिषदेचे : एका शाळेत चाळीस किंवा एका वर्गात दहा विद्यार्थी असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा. शहरात दहा मराठी मुले असणे आणि ती एका वर्गात असणे यांत फार अंतर आहे. झाशीसारख्या वस्तीत ती जुन्या शहरातील, छावणीतील आणि रेल्वेवसाहतीतील निरनिराळ्या शाळांत विखुरतात. सूत्र लागू व्हायचे तर मुले आधी एका छताखाली यावी लागतात, आणि ते छत कोणी घालावे याविषयी सूत्र काहीच सांगत नाही.