रात्रीची मद्यविक्री आणि स्थानिक परवाना समिती

मद्यपानगृहात बसून घेतलेले मद्य आणि दुकानातून विकत घेऊन बाहेर नेलेले मद्य यांत एक महत्त्वाचा भेद आहे. पानगृहात गिऱ्हाईक विक्रेत्याच्या नजरेसमोर असते. त्याचा तोल जाऊ लागला तर त्याला आणखी मद्य देण्याचे नाकारता येते. दुकानातून बाटली घेऊन गेलेला माणूस ती कोठे, किती आणि कोणाबरोबर पितो हे दुकानदाराला दिसत नाही. विक्रीचा नफा दुकानात राहतो. तिचे परिणाम रस्त्यावर, बागेतल्या बाकावर किंवा एखाद्या इमारतीच्या जिन्यात प्रकट होतात. रात्री उशिरापर्यंत दुकानातून मद्य विकू द्यावे काय, हा प्रश्न या भेदातून उद्भवतो.

भारतात मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने विक्रीच्या वेळा सामान्यतः राज्यशासन ठरविते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र प्रत्येक दुकानाचा निर्णय तेथील स्थानिक परिषद घेते. ही पद्धत तशी अलीकडची आहे. १५५२ च्या कायद्याने बिअर विकणाऱ्या घरांना परवाना देण्याचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे आला आणि मद्यविक्रीचे परवाने पुढे सुमारे साडेचार शतके त्यांच्याच हाती राहिले. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुकानांना सामान्य दिवशी सकाळी ८ ते रात्री ११ आणि रविवारी सकाळी १० ते रात्री १०.३० एवढीच विक्रीची मुभा होती. २००३ च्या परवाना कायद्याने ही ठरावीक वेळ रद्द केली. नोव्हेंबर २००५ मध्ये तो पूर्णपणे अमलात आला आणि चोवीस तासांचा परवानाही मागता येऊ लागला.

या कायद्याने परिषदेसमोर चार उद्दिष्टे ठेवली आहेत : गुन्हे व बेशिस्त यांना प्रतिबंध, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रवास प्रतिबंध आणि मुलांचे संरक्षण. निर्णय याच चौकटीत बसला पाहिजे. शासनाच्या मार्गदर्शक सूचना असे सांगतात, की दुकान जितका वेळ उघडे असेल तितका वेळ त्याला सामान्यतः मद्य विकू द्यावे. वेळ कमी करावयाची असेल, तर या उद्दिष्टांवर आधारलेले सबळ कारण हवे. म्हणजे तराजूचे पारडे आरंभीच विक्रीच्या बाजूला किंचित झुकलेले असते.

एक उदाहरण कल्पू. एका लहान किराणा दुकानाच्या मालकाला पहाटे २ पर्यंत मद्य विकावयाचे आहे. इंग्लंडमधील अशी पुष्कळ दुकाने दक्षिण आशियातून किंवा पूर्व आफ्रिकेतून आलेली कुटुंबे चालवितात. दिवसाचे गिऱ्हाईक मोठ्या भांडारांनी ओढून नेल्यावर रात्रीचे चार तास अशा कुटुंबाच्या चरितार्थाचा आधार ठरतात. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर, समजा, सकाळी लवकर कामावर जाणारी एक परिचारिका राहते. या दोघांपैकी कोणाचीही मागणी अवाजवी नाही.

मालक अर्ज करतो आणि फिकट निळ्या कागदावरील सूचना दुकानाबाहेर २८ दिवस लावतो. या मुदतीत पोलिसांनी, अन्य अधिकृत यंत्रणांनी किंवा कोणा नागरिकाने ग्राह्य निवेदन दिले नाही, तर परिषदेला परवाना द्यावाच लागतो. येथे मौन ही संमती ठरते. निवेदन आले आणि त्यावर तडजोड झाली नाही, तर साधारणतः तीन सदस्यांच्या उपसमितीपुढे सुनावणी होते.

सुनावणीत परिचारिकेने ‘दारू वाईट आहे’ एवढेच सांगितले, तर त्याचा उपयोग नाही. कोणत्या रात्री, किती वाजता, कसला गोंगाट झाला आणि त्याचा या दुकानाशी संबंध काय, हे तिला दाखवावे लागते. पुरावा किती लागतो, याविषयी दोन न्यायनिर्णय उद्बोधक आहेत. दोन्ही पानगृहांसंबंधीचे असले, तरी त्यांतील तत्त्व दुकानांनाही लागू पडते. विरल येथील प्रकरणात पुढे त्रास वाढेल या केवळ तर्कावर दंडाधिकाऱ्यांनी वेळ कमी केली होती. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. उलट, वेस्टमिन्स्टरच्या प्रकरणात २०११ मध्ये अपील न्यायालयाने सांगितले, की असा निर्णय म्हणजे केवळ घटनांची शहानिशा नव्हे. त्या विशिष्ट ठिकाणी काय सह्य मानावे याचे ते मूल्यमापन असते आणि तो अधिकार जनतेने सोपविलेला असतो. या दोन मर्यादांमध्ये समितीला आपला मार्ग काढावा लागतो.

म्हणूनच सरसकट नकाराऐवजी पुष्कळदा अटी घातल्या जातात : वेळ दोन तासांनी कमी करणे, कॅमेरे बसविणे, अतितीव्र बिअर व सायडर न विकणे, वयाचा दाखला मागणे. निर्णय अमान्य असणाऱ्या पक्षाला २१ दिवसांत दंडाधिकारी न्यायालयात अपील करता येते. परवाना मिळाल्यावरही उपद्रव झाल्यास कोणीही नागरिक फेरविचाराची मागणी करू शकतो.

येथे एक उणीव लक्षात येते. २०११ च्या कायद्याने स्थानिक आरोग्ययंत्रणेला निवेदनाचा अधिकार दिला. परंतु सार्वजनिक आरोग्य हे स्वतंत्र उद्दिष्ट मात्र केले नाही. स्कॉटलंडचा मार्ग वेगळा आहे. तेथील २००५ चा कायदा सप्टेंबर २००९ पासून अमलात आला. त्यात आरोग्यरक्षण हे पाचवे उद्दिष्ट असून दुकानांतील विक्री सकाळी १० ते रात्री १० एवढ्यापुरतीच मर्यादित आहे. तेथे रात्रीच्या झोपेसाठी कोणाला पुरावा गोळा करावा लागत नाही. त्याबरोबरच एखाद्या निरुपद्रवी दुकानाला अपवाद मागण्याची वाटही उरत नाही.

सर्वांना एकच वेळ, की प्रत्येकाचा स्वतंत्र विचार, हा या दोन पद्धतींतील खरा फरक होय. दुसरी पद्धत अधिक न्याय्य भासते. पण तिची भिस्त जागरूक शेजाऱ्यावर असते. निळा कागद वाचण्यास ज्याला सवड नाही किंवा समितीपुढे उभे राहण्याचे ज्याला धैर्य नाही, त्याची झोप कोणत्याच तराजूत पडत नाही. स्थानिक निर्णयाचा अधिकार लोकांना तेव्हाच खऱ्या अर्थाने लाभतो, जेव्हा तो वापरण्याची रीतही त्यांना ठाऊक असते.